आधी आकडा, मग सभा: पोलंडचा गावनिधी आणि राजापुरातल्या आठ वाड्या

राजापूर तालुक्यात खाडी आणि सडा (जांभ्याचं पठार) यांच्या मधल्या उतारावर वसलेली एक ग्रामपंचायत. आठ वाड्या, २,४०० लोकसंख्या. तिथली एक विद्यार्थिनी पोलंडच्या उत्तर किनाऱ्यावरच्या विद्यापीठात स्थानिक शासनाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करते आहे. प्रबंधाचा विषय: गावच्या खर्चाचे निर्णय लोक कितपत घेतात, पोलंडच्या गावांत आणि कोकणात. प्रकरण अभ्यासासाठी रचलेलं आहे. विद्यार्थिनी, तिचं गाव, वाड्यांची लोकसंख्या आणि गावचे रुपयांतले आकडे नमुन्याचे आहेत. दोन्हीकडचे कायदे, मुदती, सूत्र आणि कार्यपद्धती खऱ्या आहेत.

सहभागी अंदाजपत्रकाचं नाव काढलं की बहुतेक विद्यार्थी थेट ब्राझीलला पोचतात. पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ पासून लोकांनी वस्तीवार सभा घेऊन महापालिकेच्या कामांचा क्रम ठरवला, आणि जगभरच्या पुढच्या प्रयोगांची सुरुवात तिथूनच धरतात. आपल्याकडे पुणे महापालिकेने २००६-०७ पासून नागरिकांकडून प्रभागातली कामं सुचवून घ्यायला सुरुवात केली. पण ही दोन्ही मोठी शहरं. नगरसेवक, वॉर्ड ऑफिस, झोपडपट्टी, ड्रेनेज ही तिथली भाषा. पाखाडी (दगडी पायवाट), पऱ्या (ओढा) आणि साकव (छोटा पूल) यांच्या गावाला ती लागू करायला गेलं की तुलना दुसऱ्याच पानावर लंगडते. पोलंडची निवड त्या मानाने योग्य होती, कारण तिथे खेड्याच्या पातळीवरच्या निधीसाठी स्वतंत्र कायदा आहे. चूक निवडीत नव्हती, प्रश्नात होती.

मंजूर झालेल्या प्रस्तावातला प्रश्न असा: ‘पोलंडमध्ये गावसभेला लोक येतात, कोकणात ग्रामसभेला का येत नाहीत?’

दोन वेळांची नोटीस

प्रश्नाचा पहिला अर्धा भाग तिथे गेल्यावर आठवड्याभरात कोसळला. गावातल्या बसथांब्याजवळच्या फलकावर सभेची नोटीस चिकटवलेली असते. तिच्यावर दोन वेळा छापलेल्या असतात: पहिली वेळ १७.००, दुसरी वेळ १७.१५. गणपूर्ती किती लागते हे प्रत्येक गावाच्या नियमावलीत ठरलेलं असतं. पहिल्या वेळेला ती झाली नाही, तर पंधरा मिनिटांनी तीच सभा ‘दुसऱ्या वेळेची’ म्हणून सुरू होते आणि तिला गणपूर्तीची अट नसते. फलकावर दोन्ही वेळा आधीच छापलेल्या आहेत, याचा अर्थ पहिल्या वेळेला माणसं जमणार नाहीत हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं आहे.

आपली तहकूब सभा ती हीच. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाखाली ग्रामसभेचा कोरम मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जो कमी तो. राजापुरातल्या या गावात मतदार १,९००. १५ टक्के म्हणजे २८५. म्हणून कोरम १००. तो झाला नाही तर सभा तहकूब होते आणि पुढच्या सभेला कोरम लागत नाही, फक्त विषयपत्रिकेबाहेरचा नवा विषय घेता येत नाही. म्हणजे रिकाम्या खुर्च्यांची तजवीज दोन्ही देशांच्या नियमांत करून ठेवलेली आहे. हजेरी हा दोन्हीकडे कच्चा दुवा. तुलना हजेरीवर उभी केली असती, तर शंभर पानं लिहून निष्कर्ष एकच निघाला असता, की माणसं सभांना कंटाळतात.

तरीही पोलंडमधल्या अशाच एका सभेतून, २३ माणसांतून, ठरलेलं काम पुढच्या वर्षी उभं राहतं. राजापुरातल्या गावच्या, १०४ सह्यांच्या ग्रामसभेतला ठराव मात्र तीन-तीन वर्षं फिरतो. खरा प्रश्न इथे आहे.

तिथली रचना

पोलंडमध्ये सगळ्यात खालची कायदेशीर स्थानिक संस्था ग्मिना. हिला ‘ग्रामपंचायत’ म्हणायचा मोह होतो, आणि या विद्यार्थिनीने पहिल्या आराखड्यात तेच केलं. ग्मिना अनेक खेड्यांची मिळून असते, तिची सरासरी लोकसंख्या पंधरा हजारांच्या आसपास, तिच्याकडे प्राथमिक शाळा, पाणी, स्थानिक रस्ते आणि आयकराचा वाटा असतो. तिच्या प्रमुखाला, म्हणजे वुइतला, लोक २००२ पासून थेट निवडून देतात. ग्मिनेखालचं खेडं ही पोटसंस्था. तिचा निवडलेला माणूस सोउतिस. त्याच्याकडे स्वतंत्र तिजोरी नाही. अनेक ठिकाणी तोच दारोदार जाऊन ग्मिनेचा कर गोळा करतो. आपल्याकडची जोडी लावायचीच, तर सोउतिसचं खेडं आपल्या वाडीजवळ येतं आणि ग्मिना एखाद्या पंचायत समिती गणाजवळ. तीही तंतोतंत नाही. आराखड्यातला हा एक रकाना बदलला आणि सगळी मांडणी हलली: ग्रामपंचायतीची तुलना कशाशी करायची हा प्रश्न संपला, वाडीची तुलना कशाशी हा सुरू झाला.

गावनिधीचा कायदा २० फेब्रुवारी २००९ चा. त्याची जागा २१ फेब्रुवारी २०१४ च्या कायद्याने घेतली. वर्षाचं चक्र असं फिरतं. पुढच्या वर्षासाठी गावनिधी ठेवायचा की नाही, हे ग्मिनेची परिषद ३१ मार्चपर्यंत ठरवते. ठेवणं सक्तीचं नाही. ठेवला, तर ३१ जुलैपर्यंत वुइतने प्रत्येक सोउतिसला कळवायचं असतं की तुमच्या गावाच्या वाट्याला इतकी रक्कम आहे. त्यानंतर गावाची सभा होते. विषय सोउतिस, गावसमिती किंवा किमान १५ प्रौढ रहिवासी मांडू शकतात. कामाचं नाव, अंदाजे खर्च आणि ते का हवं, असा अर्ज ३० सप्टेंबरपर्यंत वुइतकडे पोचला पाहिजे. काम ग्मिनेच्या अधिकारातलं, रहिवाशांचं जगणं सुधारणारं आणि ग्मिनेच्या विकासधोरणाशी जुळणारं असावं लागतं. या अटींत न बसणारा अर्ज वुइत सात दिवसांत नाकारतो. गावाला तो सात दिवसांत परिषदेपुढे नेता येतो. अटींत बसणारा अर्ज आवडला नाही म्हणून बाजूला ठेवता येत नाही. वर्षअखेर न खर्चलेली रक्कम बुडते. आणि खर्चाचा काही भाग, ग्मिनेच्या ऐपतीप्रमाणे २०, ३० किंवा ४० टक्के, राज्य ग्मिनेला परत देतं. वुइतला त्यात रस का असतो, हे या शेवटच्या वाक्यात आहे.

इथे भाषांतराने एक खोडा घातला. गावाच्या अर्जाला पोलिश शब्द ‘व्न्योसेक’. दुभाष्याने त्याचं इंग्रजी केलं, त्यावरून विद्यार्थिनीने मराठी केलं: मागणी. मागणी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे निवेदन येतं, पोच घेतलेला कागद येतो, ‘वर पाठवलंय’ येतं. अख्खा एक मसुदा त्या अर्थाने लिहिला गेला आणि पोलंडची गावं कोकणासारखीच अर्ज करत बसलेली दिसू लागली. कायद्यातली कलमं पुन्हा वाचल्यावर लक्षात आलं, की हा कागद मागणीपेक्षा ठरावाजवळचा आहे. नाकारणाऱ्याला कारण द्यावं लागतं. अशा अभ्यासात दहा-बारा कळीच्या शब्दांचा तीन भाषांचा तक्ता पहिल्या महिन्यात करून ठेवावा आणि प्रत्येक शब्दापुढे ‘हा कागद कोण नाकारू शकतं?’ हा रकाना ठेवावा.

फेब्रुवारीतली पाहणी

क्षेत्रकाम फेब्रुवारी-मार्चमध्ये धरलं होतं, कारण सत्राचं वेळापत्रक तसं बसत होतं. त्या दिवसांत बर्फ असतो, आणि गावसभा झालीच तर मागच्या वर्षाच्या खर्चाचा अहवाल वाचायला. कामं निवडण्याच्या सगळ्या सभा ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरात दाटीवाटीने होतात, कारण ३१ जुलैला आकडा येतो आणि ३० सप्टेंबरला मुदत संपते. एकाच संध्याकाळी तीन गावांत सभा, आणि दुभाषी एक. फेब्रुवारीत गेलेल्या माणसाला प्रत्यक्ष निर्णय एकही पाहायला मिळत नाही. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात सप्टेंबर दोनच येतात. पहिला घर शोधण्यात आणि राहण्याच्या परवान्यात जातो. दुसरा उरतो. तिने दुसऱ्या सप्टेंबरात सहा सभा पाहिल्या आणि प्रबंध सादर करायची मुदत एका सत्राने वाढवून घेतली. प्रस्ताव लिहितानाच कायद्यातल्या तारखा भिंतीवर लावल्या असत्या, तर हे टळलं असतं.

गावाकडचं वेळापत्रकही असंच फसवं. कागदावर ग्रामसभा वर्षातून किमान चार. रूढ दिवस २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. कोकणात या चार दिवसांना माणसं वेगवेगळी असतात. १ मेला मुंबईकर आलेले असतात, आंबा-काजूचा हंगाम असतो, सभेत आवाज मोठा असतो. १५ ऑगस्टला लावणी आटोपून बेणणी चाललेली असते, बाहेर पाऊस. २ ऑक्टोबर कधी गणपतीला लागून येतो, कधी कापणीला. चार सभांची हजेरी एका ओळीत मांडून सरासरी काढली, तर ती कुठल्याच दिवसाची नसते. दर सभेच्या आकड्याशेजारी ‘गावात त्या दिवशी कोण होतं’ हे लिहावंच लागतं.

सह्यांचं रजिस्टर

हजेरीचा पुरावा म्हणून तिने ग्रामसभेचं रजिस्टर मागितलं. मासिक सभेचं आणि ग्रामसभेचं प्रोसिडिंग माहिती अधिकाराखाली मिळतं: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवस. आलेल्या झेरॉक्सवर १०४ सह्या. पहिल्या ४१ वेगवेगळ्या वळणाच्या, ओळी वरखाली, मध्ये दोन अंगठे. बेचाळिसाव्यापासून ओळी सरळ, शाई एक, आणि एका वाडीची घरं घरपट्टीच्या यादीतल्या क्रमाने. रजिस्टर नंतर दारोदार फिरलं, हे सांगायला कुणाला विचारायची गरज नाही. यात फसवणूक शोधायला जाऊ नये. कोरम झाला नाही तर अनुदानाची कामं अडतात आणि गावातल्या सगळ्यांनाच ती हवी असतात. पण संशोधकाने या १०४ ला ‘उपस्थिती’ म्हणू नये. तिने दोन रकाने केले: ‘सही’ आणि ‘बसलेले’. दुसरा रकाना फक्त तिने स्वतः मोजलेल्या सभांपुरता भरला.

वरच्या टोकाच्या वाडीत मुलाखती घेताना एका म्हातारीने जे विचारलं, ते प्रबंधातल्या, लोकसहभागाच्या पायऱ्या दाखवणाऱ्या शिडीच्या आकृतीपेक्षा कामाचं आहे: “सभेला येऊन काय करू बाय? पाखाडीचा नंबर कधी लागणार, ते सांगशील काय?”

नंबर लागतो, हा शब्द नेमका आहे. गावात कामांची यादी असते, रांग असते. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेला बांधलेली, ४० टक्के अबंधित. महाराष्ट्रात या निधीचा ८० टक्के वाटा ग्रामपंचायतीला, १०-१० टक्के जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला. शिवाय ग्रामपंचायतीचा स्वनिधी: घरपट्टी, पाणीपट्टी वगैरे, त्यातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणाला, ५ टक्के दिव्यांगांना. ‘आमचं गाव, आमचा विकास’च्या आराखड्यासाठी वाडीवार बैठका होतात, कामं लिहून घेतली जातात. आठ वाड्यांतून ६० कामं येतात, निधी सात-आठ कामांचा. कुठली सात, हे ग्रामसभेनंतर ठरतं. सदस्य, ग्रामसेवक आणि उपअभियंत्याच्या टेबलाभोवती. (पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे, गाव अजून ग्रामसेवकच म्हणतं.) वाडीने ६० पैकी आपली आठ कामं सांगितली, पण आपल्यासाठी रुपये किती आहेत हे तिला माहीत नव्हतं. आकडा माहीत नसला की माणूस निवड करत नाही, यादी देतो. आणि यादी द्यायला सभेत बसायची गरज नसते, सदस्याला रस्त्यात गाठलं तरी चालतं.

पोलंडच्या सभेत २३ जणांनी पाऊण तास वाद घातला तो दोन दिवे की एक बाक यावर, कारण दोन्ही त्या रकमेत बसत नव्हतं. प्रबंधाचा प्रश्न मग असा झाला: सभेआधी रक्कम कळलेली असणं, याने निर्णयात काय फरक पडतो?

सूत्र रुपयांत

पोलंडच्या कायद्यातलं सूत्र साधं आहे: गावाची रक्कम = (२ + लोकसंख्या ÷ १००) × आधार रक्कम. आधार रक्कम म्हणजे ग्मिनेचं दरडोई चालू उत्पन्न. आणि कुठल्याही गावाला आधार रकमेच्या दहापटीहून जास्त नाही. त्यातला ‘२’ महत्त्वाचा. शंभर वस्तीच्या गावाला तीन पट मिळते, आठशेच्या गावाला दहा पट. माणसं आठपट, पैसे सव्वातीनपटीहून किंचित जास्त. लहान गावाला काही तरी उभं करता यावं, यासाठी तो दोनचा आकडा आहे.

हेच सूत्र तिने आहे तसं गावाला लावलं. ग्रामपंचायतीचा स्वनिधी आणि अबंधित निधी मिळून वर्षाला १४,४०,००० धरले, दरडोई ६००. साठ वस्तीच्या सर्वांत लहान वाडीला २.६ × ६०० = १,५६० रुपये. आठही वाड्यांचे मिळून २४,०००. म्हणजे एकूण रकमेच्या पावणेदोन टक्क्यांहून कमी. तिकडच्या ग्मिनेतही गावनिधीचा वाटा एवढाच छोटा असतो. पण तिथलं दरडोई उत्पन्न इतकं मोठं, की छोट्या टक्क्यातूनही खेळाच्या मैदानाचं कुंपण निघतं. इथे १,५६० रुपयांत जांभ्याचे चिरे वाडीवर उतरवण्याचं भाडंही निघत नाही.

मग तिने सूत्राचा आकार ठेवला आणि रक्कम उलटी काढली. ग्रामपंचायतीने वाडीनिधी म्हणून २,००,००० बाजूला काढले असं धरायचं. आठ वाड्यांची लोकसंख्या ६४०, ५२०, ४१०, ३३०, २१०, १४०, ९० आणि ६०. प्रत्येकीचे भाग ‘२ + लोकसंख्या ÷ १००’ प्रमाणे: ८.४, ७.२, ६.१, ५.३, ४.१, ३.४, २.९, २.६. बेरीज बरोबर ४०. एका भागाला ५,०००. मग सर्वांत मोठ्या वाडीला ४२,०००, सर्वांत लहान वाडीला १३,०००. निव्वळ डोकी मोजून वाटले असते, तर मोठीला ५३,३३३ आणि लहानीला ५,०००. हा तक्ता सरपंचांना दाखवला तेव्हा हरकत लगेच आली, आणि ती रास्त आहे: मोठ्या वाडीचे ११,००० गेले, तिथे सदस्य तीन आहेत.

पुढच्या अडचणी तक्त्यात दिसत नाहीत. १३,००० च्या कामालाही अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, मोजमाप पुस्तिका लागते. अभियंत्याचा वेळ लाखाच्या कामाएवढाच जातो. काम ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावरच्या आराखड्यात चढवलेलं नसेल तर वित्त आयोगाच्या निधीतून पेमेंट निघत नाही, आणि वाडीने मध्येच बेत बदलला तर आराखडा दुरुस्त करावा लागतो. (पोलंडमध्ये असा बदल ३१ मार्च ते ३१ ऑक्टोबर या खिडकीत, पुन्हा गावसभा घेऊनच.) म्हणून पहिल्या वर्षी वाडीनिधी स्वनिधीतून काढणं सोपं. सर्वांत चिवट अडचण जमिनीची. पाखाडी जाते ती खासगी जागेतून. नमुना २३ ला, म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीत, तिची नोंद असेल तर काम होतं. नसेल तर सहहिस्सेदारांची संमती हवी. सातबाऱ्यावर तीस नावं, त्यातली वीस मुंबईत, चार हयात नाहीत. पाखाडीचा नंबर का लागत नाही, याचं उत्तर बऱ्याचदा लोकशाहीत नसून या नोंदवहीत असतं. वाडीच्या सभेला कामं सुचवायला सांगण्याआधी त्या वाडीच्या वाटांची २३ नंबरची स्थिती एका कागदावर लिहून द्यावी.

आणि वाडीला कायद्यात जागा नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३ मधली ग्रामसभा ही गावाच्या मतदारयादीतल्या सगळ्यांची. वाडीची बैठक ही सोय आहे, अधिकार नाही. याच कोकण किनाऱ्यावर उत्तरेला गेलं की चित्र बदलतं. पालघर जिल्ह्यातल्या अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्याखाली (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा) आणि राज्याच्या २०१४ च्या नियमांखाली पाडा स्वतःला गाव म्हणून घोषित करून घेऊ शकतो, त्याची स्वतंत्र ग्रामसभा आणि ग्रामसभा कोष असतो. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेची ५ टक्के रक्कम पेसा ग्रामपंचायतींना थेट मिळते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडमध्ये अनुसूचित क्षेत्र नाही. पोलंडला जाण्याआधी डहाणू-जव्हारकडे चार दिवस काढले असते, तर ‘वाडीला स्वतःचा पैसा’ ही कल्पना परदेशातून आणावी लागली नसती. परदेशी मार्गदर्शकाला पेसा माहीत नव्हता. प्रस्ताव इथे वाचून घेतलेल्या प्राध्यापकांनाही तो सुचला नाही.

गावकीची वही

तुलनेतला तिसरा पक्ष तिने आराखड्यात धरलाच नव्हता. गावात आधी रक्कम सांगून मग भांडणारी एक जागा पूर्वीपासून आहे: गावकी, म्हणजे गावची परंपरागत बैठक, आणि तिचं मुंबई मंडळ. शिमग्याला पालखी सहाणेवर (तिच्या चौथऱ्यावर) बसली की दुसऱ्या दिवशी वही उघडते. वाडीवार वर्गणी, घर किती, जमा किती, बाकी कुणाची, मागच्या वर्षीची शिल्लक, हे सगळं मोठ्याने वाचलं जातं. मग देवळाची कौलं, साकव की वाडीतल्या विहिरीचा कठडा, यावर तासन्‌तास बोलणं होतं. इथे कुणाला बोलवायला लागत नाही. ग्रामसभेला न येणारा माणूस रजा टाकून परळहून येतो.

या वहीच्या प्रेमात पडणं सोपं आहे, आणि विद्यार्थिनी दोन महिने पडलीही. रत्नागिरी जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. गाव वर्षभर चालवतात त्या. गावकीच्या बैठकीत त्या नसतात. बौद्धवाडीचं मंडळ वेगळं, वर्गणी वेगळी, वही वेगळी. मानकऱ्यांचा शब्द आधी. ग्रामसभेत, तिच्या सगळ्या रिकाम्या खुर्च्यांसह, आधी महिला सभा घ्यावी लागते आणि बौद्धवाडीतला मतदार उठून प्रश्न विचारू शकतो. गावकीकडे आकडा आहे, समानता नाही. ग्रामसभेकडे समानता आहे, आकडा नाही. सहभागाच्या आठ पायऱ्यांच्या शिडीवर या गावाची पायरी दाखवा असं मार्गदर्शकाने सांगितलं, तेव्हा एकच गाव एकाच वेळी वरच्या आणि खालच्या पायरीवर निघालं. तिने शिडी परिशिष्टात टाकली.

मुंबईकरांचा प्रश्न पोलंडमध्येही भेटला, उलटा होऊन. समुद्राकाठच्या खेड्यांत शहरवाल्यांची उन्हाळी घरं आहेत. ते ग्मिनेला मालमत्ता कर भरतात, पण कायमचे रहिवासी नसल्याने गावसभेत त्यांना मत नाही. आपल्याकडे मुंबईकराचं नाव कधी गावच्या यादीत, कधी विरारच्या. मत असो-नसो, शब्द चालतो.

कागद, संमती, नावं

युरोपातली मुलाखत म्हणजे विदा-संरक्षणाचा (डेटा) नियम, जीडीपीआर, आला. २५ मे २०१८ पासून लागू असलेला. संमतीपत्र, ध्वनिमुद्रण कुठल्या सर्व्हरवर, किती वर्षं, भारतात नेणार का, हे सगळं आधी लिहून नीतिसमितीकडून मंजूर करून घ्यावं लागतं. ग्मिनेने सभेच्या हजेरीयाद्या द्यायला नकार दिला, कारण त्यावर नावं. तो नकार बरोबरच होता. तिला नावं नको होती, संख्या हवी होती. २००१ च्या माहिती-अधिकार कायद्याखाली तेवढंच मागितल्यावर १४ दिवसांच्या मुदतीत उत्तर आलं. बऱ्याच सभांची इतिवृत्तं तर ग्मिनेच्या सार्वजनिक संकेतस्थळावर आधीच होती. आधी तिथे शोधावं, मग अर्ज.

हेच संमतीपत्र गावात नेलं तर ‘सही कशाला?’ इथे गाडी अडते. सही म्हणजे जमिनीचा व्यवहार, किंवा कर्जाचा जामीन. दोन पानी छापील फॉर्म बाजूला ठेवून तिने तोंडी संमती ध्वनिमुद्रित केली. नीतिसमितीची त्यासाठी वेगळी परवानगी घेतली, तिला सहा आठवडे लागले. तासाभराची मुलाखत उतरवायला पाच-सहा तास जातात, बोलीतली असेल तर जास्त. सव्वीस मुलाखती धरल्या होत्या, अठरा झाल्या, आणि अठराही पुष्कळ.

गावाचं नाव लपवलं तरी वाडीचं नाव जात सांगतं. राज्य सरकारने २०२० मध्ये जातिवाचक वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय घेतला, तरी बोलण्यात जुनी नावं आहेत. प्रबंधात वाड्या क्रमांकाने आल्या. पण ‘६० वस्तीची, पऱ्यापलीकडची, वाडी क्र. ८’ असं लिहिलं की तालुक्यातला कुणीही ओळखतो. म्हणून सार्वजनिक प्रतीत लोकसंख्येचे आकडे ठोकळ टप्प्यांत दिले आणि पऱ्या काढून टाकला.

गावाला द्यायची प्रत वेगळी: मराठीत चार पानं, पहिल्या पानावर फक्त आठ वाड्यांचा तक्ता. सरपंचांनी ती मासिक सभेपुढे ठेवली. २,००,००० वर एकमत झालं नाही. ५०,००० वर झालं, स्वनिधीतून, एका वर्षापुरतं. एका भागाला १,२५० रुपये. वाडी क्र. ७ च्या वाट्याला ३,६२५ आणि क्र. ८ च्या ३,२५०. एवढ्यात काय करणार, असा सूर होता. तेव्हा चार पानांतली एक तळटीप कामाला आली: पोलंडच्या २०१४ च्या कायद्याने एकाच ग्मिनेतल्या गावांना आपले वाटे एकत्र करायची मुभा दिली आहे. क्र. ७ आणि क्र. ८ यांच्या मधून पऱ्या जातो, त्यावर साकव आहे, आणि साकवाला गेली काही वर्षं एका बाजूचा कठडा नाही. नमुना २३ ला नोंद आहे. दोघींचे मिळून ६,८७५. लोखंडी पाइप आणि वेल्डिंगचा अंदाज ९,००० आला. उरलेले २,१२५ वर्गणीतून काढायचे ठरले, म्हणजे हिशेब पुन्हा वहीत जाणार. फक्त या वेळी वाड्या दोन, मंडळं दोन आणि वही कुणाची, यावर बैठक तहकूब झाली.